आकाशातली खरखर

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लाकडी पेटीचा, पुढे कापडाची जाळी असलेला. चालू केला की तापायला मिनिटभर घ्यायचा. रात्रीची जेवणं झाली की वडील त्याच्यासमोर बसत आणि बटण हळूहळू फिरवत स्टेशन शोधत. दोन स्टेशनांच्या मधे नुसती खरखर असायची. वडील वैतागायचे. मला मात्र ती खरखर आवडायची. एकदा मी विचारलं, “अब्बा, हा आवाज कुठून येतो?” ते म्हणाले, “कुठून म्हणजे? वरून. ढगांतून.”

वडिलांचं उत्तर बरंचसं बरोबर होतं. त्या खरखरीचा मोठा भाग विजांच्या गडगडाटातून, मोटारींच्या ठिणग्यांतून, विजेच्या तारांतून आणि खुद्द रेडिओच्या पोटातून येतो. पण त्यातला एक अगदी बारीकसा अंश ढगांच्याही पलीकडून येतो, ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतून. हे मला फार उशिरा कळलं. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालो, कविता लिहीत राहिलो. तरी या खरखरीनं माझी पाठ सोडली नाही. आज तिचीच गोष्ट सांगायची आहे. या गोष्टीतला एक मोठा अध्याय आपल्या जुन्नर तालुक्यात घडला आहे आणि अजून घडतो आहे.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९३० च्या सुमारास अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवरची माणसं रेडिओलहरींवरून टेलिफोन करू लागली होती. बोलताना मधेच खरखर व्हायची. बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेनं कार्ल जान्स्की नावाच्या तरुण अभियंत्याला ही खरखर कुठून येते ते शोधायला सांगितलं. जान्स्कीनं न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे शेतात एक अँटेना उभारली. लाकडाच्या चौकटीवर पितळी नळ्या, लांबी सुमारे ३० मीटर, आणि खाली फोर्ड मोटारीची चार चाकं. हा सांगाडा वीस मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घ्यायचा. लोक गमतीनं त्याला जत्रेतला फिरता पाळणा म्हणत.

जान्स्कीला तीन प्रकारची खरखर सापडली. एक जवळच्या वादळांची, दुसरी दूरच्या वादळांची. तिसरी मात्र संथ, अखंड, सापाच्या फूत्कारासारखी होती. आधी त्याला वाटलं, ती सूर्याकडून येत असावी. पण महिनोन्महिने नोंदी ठेवल्यावर लक्षात आलं की ही खरखर रोज चार मिनिटं लवकर येते. २४ तासांनी नाही, २३ तास ५६ मिनिटांनी. आपल्याकडे पहाटे मोटेवर जाणाऱ्या शेतकऱ्यालाही यातलं मर्म कळलं असतं. सूर्य २४ तासांनी त्याच जागी येतो, नक्षत्रं मात्र रोज चार मिनिटं आधी उगवतात. म्हणजे हा आवाज नक्षत्रांकडचा होता. धनु राशीच्या दिशेनं, आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागाकडून तो सर्वांत जोरात येत होता.

५ मे १९३३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या एका रेडिओ कार्यक्रमात ही ताऱ्यांकडची खरखर श्रोत्यांना ऐकवण्यात आली. आज रेडिओवरच हे सांगताना मला त्या श्रोत्यांचा हेवा वाटतो. जान्स्कीला मात्र हे काम पुढे नेता आलं नाही. मंदीचे दिवस होते, कंपनीनं त्याला दुसऱ्या कामाला लावलं. १९५० मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी तो वारला. आज आकाशातल्या रेडिओलहरींची तीव्रता ज्या एककात मोजतात, त्याचं नाव ‘जान्स्की’ आहे.

जान्स्कीचं काम मनावर घेतलं ते ग्रोट रेबर या एकाच माणसानं. शिकागोजवळच्या व्हीटन गावात १९३७ मध्ये त्यानं स्वतःच्या पैशानं, घरामागच्या अंगणात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची पत्र्याची तबकडी उभारली. दिवसा नोकरी आणि रात्री आकाश, असा त्याचा दिनक्रम. त्या काळची समजूत अशी होती की तापलेल्या वस्तूकडून जास्त कंप्रतेच्या लहरी जास्त जोरात येतात. म्हणून त्यानं आधी ३३०० मेगाहर्ट्झवर ऐकून पाहिलं. काहीच नाही. मग ९०० मेगाहर्ट्झ. तरी शांतता. शेवटी तो खाली, १६० मेगाहर्ट्झवर उतरला, म्हणजे जवळजवळ दोन मीटर लांबीच्या लहरींवर. आणि आकाशगंगा बोलू लागली.

इथे जरा थांबू या, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. ‘कमी कंप्रता’ म्हणजे लांब लहर. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी असते. रेबरनं पकडलेली लहर माणसापेक्षा उंच होती. या लांब लहरी उष्णतेतून आलेल्या नव्हत्या. विश्वात सर्वत्र चुंबकीय क्षेत्रं पसरलेली आहेत. त्यांत अतिवेगवान इलेक्ट्रॉन सापडले की ते गरगर फिरत रेडिओलहरी सोडतात. जितकी लहर लांब, तितका हा आवाज मोठा. पुढे असंही कळलं की हे इलेक्ट्रॉन म्हातारे होतात, त्यांची शक्ती घटत जाते आणि मग ते फक्त लांब लहरींतच बोलतात. म्हणून कोटी कोटी वर्षांपूर्वी शमलेल्या उलथापालथींच्या खुणा शोधायच्या असतील तर कमी कंप्रतेवरच कान लावावा लागतो. हे पहिलं उद्दिष्ट. विझलेल्या चुलीतली राख चाचपून पाहण्यासारखं.

दुसरं उद्दिष्ट याहून मोठं आहे. ते जन्मलं युद्धाच्या अंधारात. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होता. १९४४ मध्ये हेंड्रिक व्हॅन डी हुल्स्ट या तरुण डच शास्त्रज्ञानं गणित मांडलं की हायड्रोजनचा साधा, थंड अणूसुद्धा रेडिओलहर सोडत असला पाहिजे. अणूतला इलेक्ट्रॉन आपली फिरकी उलटवतो तेव्हा २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झची लहर निघते. एका अणूच्या नशिबी हा क्षण सरासरी एक कोटीहून अधिक वर्षांनी येतो. पण विश्वात हायड्रोजन इतका अमाप आहे की कोणीतरी अणू सतत बोलतच असतो. १९५१ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या युएन आणि पर्सेल यांनी ही लहर प्रत्यक्ष पकडली. ताऱ्यांचा कच्चा माल म्हणजे हायड्रोजन. आता तो कुठे आहे आणि किती आहे, हे ऐकता येऊ लागलं.

तिसरं उद्दिष्ट अचानक हाती आलं. १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी ८१.५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या दुर्बिणीचे कागद तपासत होती. साडेचार एकरांत खांब रोवून, तारा ताणून केलेली ती दुर्बीण. उभारताना बेलनं स्वतः हातोडा चालवला होता. कागदाच्या भेंडोळ्यांवर तिला एक बारीकसा डाग पुन्हा पुन्हा दिसला. निरखून पाहिल्यावर तो दर १.३३ सेकंदांनी पडणारा ठोका निघाला, घड्याळासारखा नेमका. परग्रहावरच्या माणसांचा संदेश तर नव्हे, अशी गंमतही झाली. तो होता स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा. आपण त्याला स्पंदक म्हणतो. १९७४ चं नोबेल पारितोषिक तिचे मार्गदर्शक हेविश आणि केंब्रिजचे राइल यांना मिळालं. बेलला मिळालं नाही. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, तेव्हा तिनं ती सगळी रक्कम भौतिकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या, संधी न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली.

आता आपल्याकडे येऊ. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यात ठाकुरद्वारा नावाचं गाव आहे. तिथे १९२९ मध्ये गोविंद स्वरूप यांचा जन्म झाला. अलाहाबादला शिक्षण झालं. १९५३ मध्ये ते ऑस्ट्रेलियात गेले आणि तिथे रेडिओ-खगोलशास्त्राशी त्यांची गाठ पडली. सिडनीजवळ सहा फूट व्यासाच्या ३२ छोट्या तबकड्या होत्या. त्यांचं काम संपल्यावर त्या मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. मग ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनी मिळून देशातल्या संस्थांना पत्र लिहिलं, की आम्हाला परत यायचं आहे, गट उभारायचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून होमी भाभांची होकाराची तार आली. १९६३ मध्ये स्वरूप परतले. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या त्या ३२ तबकड्या १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला उभ्या राहिल्या. लोकलच्या गर्दीत घाम पुसणाऱ्या कल्याणकरांना कदाचित ठाऊकही नसेल, पण भारतातल्या रेडिओ-खगोलशास्त्राची एक पहिली पायरी त्यांच्या गावात आहे.

पुढची पायरी उटीला. विषुववृत्तापासून उटी जितकी अंश दूर आहे, जवळजवळ तितक्याच अंशांचा उतार असलेली एक टेकडी स्वरूप यांनी शोधून काढली. अशा उतारावर उत्तर-दक्षिण आडवी दुर्बीण ठेवली की तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग एकाच दिशेनं फिरवत तासन्‌तास एखाद्या उगमाचा माग काढता येतो. १९७० मध्ये पूर्ण झालेली ही दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. लांबच लांब पन्हळीसारखी, स्टेनलेस स्टीलच्या ११०० तारांची.

तिचं मुख्य काम ऐकून मला माझं लहानपण आठवलं. ईदच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळी पोरं धाब्यावर चढून चंद्रकोर शोधायचो. कोर दिसली तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. उटीचे शास्त्रज्ञही चंद्राची वाट पाहायचे, पण उलट कारणानं. चंद्र दूरच्या एखाद्या रेडिओ-उगमासमोरून सरकतो तेव्हा तो उगम झाकला जातो आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडतो. झाकण्याचा आणि उघडण्याचा नेमका क्षण नोंदला तर उगमाची जागा आणि आकार फार बारकाईनं काढता येतो. अशा शेकडो उगमांच्या मापांवरून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवलं की पूर्वीचं विश्व आजच्यासारखं नव्हतं. विश्व बदलत आलं आहे, या मताला त्यानं बळ मिळालं. गंमत म्हणजे विश्व सदासर्वकाळ सारखंच असतं, या स्थिर-स्थिती सिद्धान्ताचे एक मोठे पुरस्कर्ते आपले जयंत नारळीकर. तेही तेव्हा त्याच टाटा संस्थेत होते. एका छपराखाली दोन मतं आणि दोन्हींकडे पुरावे मागायची रीत, हे चित्र मला फार लोभस वाटतं.

१९८४ च्या सुमारास स्वरूप यांच्या मनात त्याहून मोठी दुर्बीण आकार घेऊ लागली. १९८७ मध्ये सरकारनं मंजुरी दिली. तिचं नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, थोडक्यात जीएमआरटी. जागा ठरली पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळचं खोडद.

खोडदच का? उत्तर ऐकण्यासारखं आहे. आजूबाजूच्या डोंगरांमुळे शहरांचा रेडिओ-गोंगाट अडतो. मोठे कारखाने जवळ नाहीत. वारा बेताचा, बर्फ नाही. इथून उत्तरेचं आणि दक्षिणेचंही बरंच आकाश दिसतं. शिवाय पुणं हाकेच्या अंतरावर, म्हणजे माणसं आणि कामगार मिळायला अडचण नाही. शिवनेरीच्या मुलखात द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून मग एकेक तबकडी उभी राहू लागली.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एसटीत शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. म्हणाले, “दुर्बीण बघाय चाललाय व्हय? चांगलं हाय. पण डोळा लावायला नळी नाय बरं का तिला!” त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. या दुर्बिणीला डोळा नाही, कान आहेत. तेही ३०.

एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची. चौदा तबकड्या मधल्या साधारण चौरस किलोमीटरभर जागेत आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत अंतर २५ किलोमीटर. लांब लहरींचा एक तोटा असतो. त्यांनी बारीक तपशील दिसायचा तर दुर्बीण अवाढव्य हवी. २५ किलोमीटरची तबकडी कोण बांधणार? म्हणून केंब्रिजच्या राइल यांनी रूढ केलेली युक्ती वापरतात. लांब लांब ठेवलेल्या छोट्या तबकड्यांचे आवाज एकत्र जुळवायचे. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी आकाशाकडे वेगळ्या कोनातून पाहते. तास-दोन तास, कधी रात्रभर असं ऐकत राहिलं आणि संगणकानं हिशेब मांडला की २५ किलोमीटरच्या दुर्बिणीचं चित्र तयार होतं.

आणि तबकडी कशाची? पत्र्याची नव्हे, जाळीची. प्रकाशाला गुळगुळीत आरसा लागतो. मीटरभर लांबीच्या लहरीला मात्र एक-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत. तिच्या दृष्टीनं ती जाळी म्हणजे भक्कम भिंतच. वारा मात्र जाळीतून आरपार जातो, म्हणून खालचा सांगाडा हलका चालतो. बारीक स्टीलच्या तारांची ही जाळी ताणलेल्या दोरांवर बसवलेली आहे. श्रीमंत देशांनी ज्या पैशात एखादी तबकडी उभारली असती, त्यात अनेक उभ्या राहिल्या, त्या या कल्पनेमुळे. गरिबीनं आपल्याला बरंच काही नाकारलं, पण डोकं लढवायला शिकवलं. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी समर्पित झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एवढा खटाटोप कशासाठी होता? उभारणाऱ्यांनी दोन उद्दिष्टं पुढे ठेवली होती.

पहिलं हायड्रोजनचं. विश्व प्रसरण पावतं तशी त्यातून प्रवास करणारी लहरही ताणली जाते. विश्व आजच्या एकदशांश आकाराचं असताना निघालेली २१ सेंटिमीटरची लहर आपल्यापर्यंत पोचते तेव्हा २१० सेंटिमीटरची झालेली असते. १४२० मेगाहर्ट्झची १४२ मेगाहर्ट्झ होते. म्हणजे कंप्रता जितकी कमी, तितका काळ जुना. रेडिओचं बटण खाली फिरवत जायचं आणि विश्वाच्या बालपणाकडे जायचं. रशियन शास्त्रज्ञ झेल्दोविच यांनी मांडलं होतं की विश्वात आधी वायूचे महाप्रचंड, चपटे ढग तयार झाले, त्यांना ‘पोळ्या’ म्हणत, आणि मग ते फुटून दीर्घिका झाल्या. असे हायड्रोजनचे महाढग असतील तर जीएमआरटीला ते ऐकू यायला हवे होते.

ऐकू आले नाहीत. दुर्बीण बांधून होईपर्यंत सिद्धान्तच बदलत गेला. विश्वात आधी मोठं आणि मग लहान असं घडलं नसून आधी लहान लहान घडलं आणि त्यांच्या जुळणीतून मोठं झालं, हे स्पष्ट होत गेलं. जे शोधायला निघालो ते त्या रूपात नव्हतंच.

ही अपयशाची कबुली म्हणून मी सांगत नाही. मला उलट यातच या माणसांचं मोठेपण दिसतं. प्रश्न चुकला तरी कान चांगला होता. त्याच कानानं ते दुसरं ऐकू लागले. २०२० मध्ये आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमआरटीतून ७,६५३ दीर्घिकांचे अतिक्षीण आवाज एकमेकांवर रचले. एकेकीचा आवाज ऐकू येणं अशक्य होतं, पण सगळ्यांचा मिळून एक स्वर निघाला. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत किती हायड्रोजन होता, ते प्रथमच मोजता आलं. त्या दीर्घिका इतक्या उधळेपणानं तारे घडवत होत्या की बाहेरून नवा वायू मिळाला नसता तर साठा शे-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. विश्वातली तारे जन्मण्याची धामधूम नंतर का ओसरली, त्याचं उत्तर या हिशेबात सापडतं. हा शोध ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. गोविंद स्वरूप त्याआधी महिनाभर, ७ सप्टेंबरला पुण्यात गेले होते.

दुसरं उद्दिष्ट स्पंदकांचं. सेकंदाला शेकडो वेळा फिरणारे स्पंदक १९८२ पासून सापडू लागले होते. इतकी नेमकी घड्याळं आकाशात ठिकठिकाणी टांगलेली असतील आणि मधून गुरुत्वलहर गेली, तर त्यांचे ठोके किंचित मागेपुढे होतील. ते टिपावे, ही आशा. जीएमआरटीला २००४ पर्यंत एनजीसी १८५१ या तारकागुच्छात, अतिशय लांबट कक्षेत फिरणारा एक वेगवान स्पंदक सापडला. पण मोठ्या आशेला आणखी वाट पाहावी लागली. २९ जून २०२३ रोजी युरोप आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी, आणि त्याच दिवशी इतर देशांतल्या गटांनीही, जाहीर केलं की साऱ्या विश्वात घुमणाऱ्या अतिमंद गुरुत्वलहरींची चाहूल लागली आहे. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना हा घुमार उठत असावा. स्पंदकाचा ठोका वाटेतल्या वायूमुळे थोडा अडखळतो आणि लांब लहरींत तो जास्त अडखळतो. त्यामुळे ही चूक नेमकी मोजून वजा करायला जीएमआरटीच्या नोंदी मोलाच्या ठरल्या. पहिल्या स्वप्नापासून इथवर यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात या दुर्बिणीनं न ठरवलेली कामंही केली. जवळजवळ ९० टक्के आकाशाचा १५० मेगाहर्ट्झवरचा नकाशा बनवला, त्यात सव्वासहा लाखांच्या आसपास उगम आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं ‘शियापरेल्ली’ यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण आवाज खोडदमध्ये ऐकू येत होता. उतरण्याच्या थोडं आधी तो बंद पडला. यान कोसळलं होतं.

एक कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व थंडावलं आणि हायड्रोजनचे अणू बनले. मग दीर्घ अंधार. तारे नाहीत, दीर्घिका नाहीत. त्यानंतर कधीतरी पहिले तारे पेटले आणि त्यांच्या प्रकाशानं तो हायड्रोजन पुन्हा फोडला. ती पहाट कशी झाली? तिची खूण लांब लहरींतच दडलेली आहे, आणि आपल्याच आकाशगंगेच्या हजारो पटींनी मोठ्या आवाजाखाली गाडलेली आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘एजेस’ नावाच्या प्रयोगानं ती खूण ७८ मेगाहर्ट्झजवळ सापडल्याचा दावा केला. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपली ‘सारस’ ही अँटेना तराफ्यावर ठेवून कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या जलाशयात सोडली. जमिनीखालचे दगड-माती आवाज बिघडवतात, पाणी एकसारखं असतं, म्हणून. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं, दावा टिकत नाही. पाण्यावर तरंगत विश्वाची पहाट ऐकणारी अँटेना! कवीनं रचलेली असती तर लोक म्हणाले असते, अतिशयोक्ती आहे.

त्या पहाटेच्या शोधात पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘स्केअर किलोमीटर अ‍ॅरे’चा कमी कंप्रतेचा भाग उभा राहतो आहे. त्यात १,३१,०७२ छोट्या अँटेना असतील. बांधकाम डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. २०२५ मध्ये पहिल्या हजारभर अँटेनांनी काढलेलं चित्र प्रसिद्ध झालं. भारतही त्यात भागीदार आहे, आणि खोडदला मिळालेलं शहाणपण तिथे कामी येतं आहे.

पण या सगळ्याला एक गोष्ट लागते, ती पैशानं विकत मिळत नाही. ती म्हणजे शांतता. आकाशातून येणारा आवाज इतका क्षीण असतो की मोबाइलचा मनोरा, विजेच्या तारेवरची ठिणगी, आगगाडीच्या पेंटोग्राफची चमक यांच्यापुढे तो काहीच नाही. २०२३ मध्ये हॉलंडमधल्या ‘लोफार’ दुर्बिणीनं दाखवून दिलं की इंटरनेटसाठी सोडलेल्या उपग्रहांच्या यंत्रांतूनही, त्यांना न दिलेल्या कंप्रतेवर, नकळत आवाज गळतो. म्हणजे आता डोंगराचा आडोसाही पुरणार नाही. गोंगाट डोक्यावरूनच जातो आहे.

आणि खाली जमिनीवर? अलीकडच्या वर्षांत पुणे-नाशिक रेल्वेमार्गावरून झालेला वाद आपण वर्तमानपत्रांत वाचला आहे. आधी आखलेला मार्ग दुर्बिणीच्या परिसरातून जात होता. शास्त्रज्ञांनी हरकत घेतली, मार्ग वळवण्याचं ठरलं आणि जुनाच मार्ग हवा म्हणून तिथली माणसं रस्त्यावर आली. मला दोन्हींची बाजू कळते. कारखाना नको, गाडी नको म्हणताना आपण त्या तालुक्यातल्या पोरांकडून काहीतरी मागून घेत असतो. सगळ्या जगानं ऐकावं म्हणून एका खोऱ्यानं गप्प राहायचं, ही लहान मागणी नाही. नारायणगाव तर तमाशाचं गाव. जत्रांच्या दिवसांत तिथे राहुट्या लागतात, सुपाऱ्या ठरतात. ढोलकीच्या त्या मुलखानं इतकी वर्षं आकाशासाठी शांतता राखली, याबद्दल त्यांचे आभार कोणी मानले आहेत का? निदान त्यांच्या मुलांना या दुर्बिणीत काम करण्याची वाट मोकळी व्हायला हवी. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदला प्रदर्शन भरतं आणि शाळांच्या सहलींनी परिसर फुलून जातो. त्या गर्दीत जवळपासच्या वाड्या-वस्त्यांची मुलं मोठ्या संख्येनं असावीत आणि त्यातलं एखादं पुढे नियंत्रण-कक्षात बसलेलं दिसावं, असं मला वाटतं.

वडिलांचा रेडिओ आता माझ्या घरी आहे. व्हॉल्व्ह कधीच गेले, पेटी तेवढी शिल्लक आहे. अब्बा असते तर त्यांना सांगितलं असतं, की ती खरखर नुसती ढगांतली नव्हती. ते बहुधा म्हणाले असते, “मग बटण का फिरवायला लावलंस? थोडं ऐकू द्यायचं होतं.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)